पर्णकर्तक मुंग्या
पर्णकर्तक मुंग्या : झाडांची पाने कापून वारुळात नेणाऱ्या व त्यांवर खाण्यासाठी कवक (बुरशीसारखा हरितद्रव्यरहित जीव) वाढविणाऱ्या मुंग्या. हायमेनॉप्टेरा गणाच्या फॉर्मिसिडी कुलात यांचा समावेश होतो. ॲटा व ॲक्रोमिर्मेक्स या यांच्या प्रमुख प्रजाती होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत त्या आढळतात. भारतात आढळत नाहीत.

पानांचे तुकडे छत्रीसारखे डोक्यावर धरून चाललेल्या या मुंग्यांच्या रांगा प्रवाशांनी फार पूर्वीपासून पाहिल्या होत्या. पाने कशासाठी नेली जातात, हे मात्र कळले नव्हते. मुंग्या ती खात असाव्यात, असा सर्वसाधारण समज होता. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉन खोऱ्यातील निरीक्षणांवरून वारुळाच्या तोंडांवरील घुमट शाकारण्यासाठी ती नेली जातात, असे मत १८६३ मध्ये मांडले. निकाराग्वातील सोन्याच्या खाणींवर काम करणारे इंग्रज अभियंते टॉमस बेल्ट यांनी वारुळे खणून पाहिली. आतील कोठ्यांत पानांचा साठा नव्हता. बारीक चुरा झालेल्या पानांचा तपकिरी, स्पंजासारखा लगदा व त्यात सर्वत्र पसरलेले पांढरे कवकतंतू होते. मुंग्या पाने खतासारखी वापरतात व कवकावर जगतात, हा निष्कर्ष त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये फ्रिट्स म्यूलर यांनीही स्वतंत्रपणे हेच अनुमान काढले.

ॲटाच्या पूर्ण वाढलेल्या वारुळात लक्षावधी कामकरी मुंग्या व शेकडो कोठ्या असतात. कामकरी मुंग्यांच्या आकारांत मोठा फरक असून कामे त्यानुसार वाटलेली असतात. मोठ्या मुंग्या वारुळाचे रक्षण करतात. मध्यम आकाराच्या पाने कापतात व वाहून आणतात. पान वाहणाऱ्या मुंगीवर परजीवी माश्या अंडी घालू पाहतात. त्यांना हुसकावण्यासाठी पुष्कळदा एखादी चिमुकली मुंगी पानाच्या तुकड्यावरच बसलेली असते. वारुळात आणलेले तुकडे लहान मुंग्या चाटून स्वच्छ करतात, चावून त्यांचा लगदा करतात, त्यावर आपल्या विष्ठेचे थेंब टाकतात व जुन्या मळ्यातील कवकतंतू त्यावर लावतात. या विष्ठेत मुंगीने खाल्लेल्या कवकातील एंझाइमे न पचता उतरलेली असतात व त्यांच्या योगाने लगद्याचे अपघटन सुरू होते. मुंग्यांना सेल्युलोज पचविता येत नाही. ते काम कवक करते. कवकतंतूंच्या टोकांना पोषक द्रव्यांनी भरलेल्या सूक्ष्म गाठी येतात व डिंभांचे (अळ्यांचे) पोषण त्यांवरच होते. प्रौढ कामकरी मुंग्यांचा निर्वाह मात्र मुख्यत्वे पाने कापताना मिळणाऱ्या रसावर होतो.

नवी राणी वारूळ सोडताना तोंडातील एका लहान पिशवीत कवकाची गोळी घेऊन उडते. मीलनानंतर ती पंख टाकून देते, जमिनीत बिळ करते व गोळी थुंकून स्वतःच्या विष्ठेने तिला खत देते. पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत राणी हे कवक खात नाही. शरीरातील साठा व स्वतः घातलेली काही अंडी यांवर ती तग धरते. ती गोळी मेली, तर वसाहतही संपते. बहुसंख्य राण्या याच काळात नाश पावतात.

या रीतीने एकच वाण पिढ्यान् पिढ्या, बहुधा बीजुकांशिवाय, पुढे चालत राहतो. अशा पिकावर रोग आला, तर सगळा मळाच धोक्यात येतो. मळ्यातून मुंग्या काढून घेतल्यास एस्कोव्होप्सिस हे परजीवी कवक मळा व्यापून टाकते, असे कॅमेरॉन करी व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये दाखविले. मुंग्या रोगट भाग कुरतडून वेगळ्या कोठ्यांत किंवा बाहेर टाकतात. ॲक्रोमिर्मेक्स मुंग्यांच्या अंगावर पांढरट थर असतो. त्यात स्यूडोनोकार्डिया हे सूक्ष्मजंतू असून त्यांच्यापासून या परजीवीला रोखणारी प्रतिजैविक द्रव्ये मिळतात. ॲटा प्रजातीत हा थर नसून तेथे ग्रंथींच्या स्रावांवर भिस्त असते. त्यामुळे मळ्याच्या रक्षणात सूक्ष्मजंतूंचा वाटा नेमका किती, याबाबत तज्ञांत एकमत नाही. कवकाला अपायकारक ठरलेले पान मुंग्या पुढे टाळतात, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. स्वतः मुंगीला त्या पानापासून बाधा होत नसली, तरी असे घडते.

हे सहजीवन आता तोडता येण्याजोगे राहिलेले नाही. आर्जिनीन हे ॲमिनो अम्ल तयार करण्याची क्षमता या मुंग्या गमावून बसल्या आहेत, असे २०११ मध्ये त्यांच्या जनुकसंचाच्या अभ्यासावरून दिसून आले. ते त्यांना कवकाकडून मिळते. मुंग्यांच्या कवकपालनाचा आरंभ सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. याच सुमारास अशनीच्या आघातानंतर डायनोसॉर नष्ट झाले. त्या काळात सूर्यप्रकाश मंदावून वनस्पती मेल्या व मृत पाल्यापाचोळ्यावर कवके माजली असावीत. मात्र ताजी पाने कापण्याची रीत पुष्कळ नंतरची आहे.

माणसाच्या शेतीला मात्र या मुंग्या घातक आहेत. लिंबूवर्गीय झाडे, कोको, निलगिरी इत्यादींची पाने त्या एका रात्रीत उतरवितात. विषारी आमिषे वापरून त्यांचे नियंत्रण करतात.

आफ्रिका व आशियात कवकपालन करतात ते मुंग्यांपासून दूरचे कीटक, म्हणजे वाळवी. महाराष्ट्र व गोव्यातील वारुळांत ओडोंटोटर्मिस प्रजातीची वाळवी टर्मिटोमायसीझ हे कवक वाढविते. पावसाळ्यात त्याच्या छत्र्या वारुळातून वर येतात. कोकणात त्या अळंबी म्हणून आवडीने खातात व गोव्यात त्यांना ‘रोयण अळमी’ म्हणतात. वाळवीवाचून त्यांचे पीक व्यापारी प्रमाणावर घेणे माणसाला अद्याप साधलेले नाही.