स्वमग्न प्रौढ आणि सामाजिक गैरसमज : नागपूरच्या लोकव्यवहाराच्या संदर्भात

ऑटिझमसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे. स्विस मनोचिकित्सक ब्लॉयलर यांनी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा घडविली. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ती मुलांच्या संदर्भात योजिली. मराठी शब्द मुळाशी प्रामाणिक आहे. मात्र ‘या माणसास इतरांशी देणेघेणे नाही’ असा निवाडाही तो आधीच देऊन टाकतो.

प्रौढांच्या बाबतीत हा निवाडा अधिक जाचक ठरतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली व २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. तोवर आज चाळिशीत असलेल्या अनेकांचे बालपण निदानाविना सरले होते. त्यांच्या वाट्याला आली ती ‘शिष्ट’, ‘आखडू’, ‘माणूसघाणा’ ही विशेषणे.

मराठी लोकव्यवहार सूचकतेवर उभा आहे. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे. चहाला ‘नको’ म्हणणाऱ्यास पुन्हा आग्रह करावयाचा. शब्दशः अर्थ घेणारा यजमान ‘नको’ ऐकताच विषय संपवितो आणि पाहुणा दुखावतो. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. तो गजर असह्य होऊन एखादा दार लावून बसला, तर ‘हा आपल्यात मिसळत नाही’ असे शेजारी म्हणतात. वस्तुतः प्रश्न मनाचा नसून कानांचा असतो.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादिले की, हा गैरसमज दुतर्फा असतो. स्वमग्नांना इतर कळत नाहीत, तसेच इतरांनाही स्वमग्न कळत नाहीत. कॅथरिन क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांनी आपल्याकडील कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मिश्र साखळीत माहिती अधिक गळाली. २०२५ च्या व्यापक पुनर्प्रयोगात तो फरकही आढळला नाही. निव्वळ स्वमग्नांची साखळी मात्र दोन्ही वेळा इतरांच्या बरोबरीची ठरली.

२०१६ च्या कायद्याची व्याख्या अद्याप उणीव एकाच बाजूस पाहते. तथापि त्याच कायद्यातील कलम २० शासकीय आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यास योग्य सोय पुरविण्याचे बंधन घालते. सोय म्हटली की उतरता मार्ग आठवतो. स्वमग्न कर्मचाऱ्यास तोंडी इशाऱ्याऐवजी स्पष्ट लेखी सूचना देणे, नजरेला नजर न देण्यास उद्धटपणा न मानणे, हीदेखील सोयच होय. आणि तिला खर्च जवळजवळ नाही.