गाडीचे अंतरंग – लेखांक ७ : पहाटेची गाडी आणि थांबलेला कॉम्प्रेसर

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेल्या उज्जैनमध्ये जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांखाली उतरते, आणि महाकालेश्वराची भस्मारती पहाटे चारच्या सुमारास होत असल्याने तिच्यासाठी इंदूरकडून, म्हणजे ५५ किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून, निघणाऱ्या मोटारी ऐन थंडीच्या प्रहरी सुरू कराव्या लागतात. एवढ्या गारठ्यात एसी हवाच कोणाला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु बंद काचांआड चार-पाच माणसांच्या श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर धरू लागले की रस्ता दिसेनासा होतो, आणि हे बाष्प हवेतून काढून घेण्याचे काम एसीची कूलिंग कॉईल करते. म्हणून चालक बटण दाबतो, बटणावरचा दिवा लागतो, तरी कॉम्प्रेसर काही वेळ चालू होत नाही. याला बिघाड समजून गॅस भरून घेण्याची घाई केली जाते, ती बहुधा अनाठायी असते.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. पट्ट्याची पुली सतत फिरत असली, तरी तिच्यातील मॅग्नेटिक क्लचला, म्हणजे विद्युतचुंबकाने जोडल्या-सोडल्या जाणाऱ्या चकतीला, वीज मिळाल्याखेरीज कॉम्प्रेसरचा दांडा फिरत नाही. आणि ही वीज कधी द्यायची, हे आजच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा लहानसा संगणक, ठरवतो. थंडीत बॅटरीची ताकद घटलेली असते, इंजिन ऑइल दाटलेले असते आणि सेल्फ मारताना स्टार्टर १०० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. अशा वेळी कॉम्प्रेसरचा भार पडला तर इंजिन सुरू होता होताच बंद पडेल. त्यामुळे इंजिनाचे फेरे स्थिरावेपर्यंत ईसीयू काही सेकंद थांबतो, मग आयडलिंगला हवा व इंधन किंचित वाढवतो आणि त्यानंतरच क्लच जोडतो. बॉनेट उघडून लक्ष दिल्यास आधी इंजिनाचा बदललेला सूर आणि मागोमाग क्लचचा ‘टक्’ असा आवाज ओळखता येतो.

दुसरे कारण गॅसच्या स्वभावात आहे. आर-१३४ए हे गेली अनेक वर्षे मोटारींत सर्रास वापरले जाणारे शीतक, म्हणजेच मेकॅनिक ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात ते द्रव्य. यंत्रणा बंद असताना त्याचा दाब तापमानाबरोबर बदलतो : ४० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापट असतो, तर ५ अंशांना जेमतेम साडेतीनपट. गळतीमुळे गॅस कमी झाल्यास कॉम्प्रेसर बंद ठेवणारा दाबाचा स्विच मात्र केवळ दाब ओळखतो, त्यामुळे कडाक्याची थंडी आणि गळती यांत त्याला फारसा भेद करता येत नाही. शिवाय शीतक यंत्रणेतील सर्वांत थंड भागात जाऊन साचते. सकाळच्या उन्हात गाडीचा अंतर्भाग लवकर तापतो, पण कॉम्प्रेसरचे जड धातूचे अंग थंडच राहते, आणि मग शीतक तेथेच द्रवरूपात उतरते. वायू दाबता येतो, द्रव जवळजवळ दाबता येत नाही. असा द्रव सिलिंडरमध्ये सापडला तर झडपांना इजा होते आणि वंगणाचे तेलही वाहून जाते. काही गाड्यांत यावर उपाय म्हणून क्लच प्रथम क्षणभर जोडून सोडला जातो, तर काहींत कमी-जास्त क्षमतेने चालणारा कॉम्प्रेसर अगदी कमी क्षमतेपासून सुरू होतो.

कॉईलवर बर्फ धरू नये म्हणून तिचे तापमान मोजणारा संवेदक साधारण ३-४ अंशांना कॉम्प्रेसर थांबवतो. तेव्हा हाडे गोठवणाऱ्या पहाटे एसीचा हात आखडलेलाच असतो. बाहेरच्या थंड हवेत मुळातच बाष्प कमी असते, म्हणून रीसर्क्युलेशन बंद करून तीच हवा हीटरमधून काचेवर सोडणे अधिक उपयोगी ठरते, मात्र त्यासाठी इंजिनातले पाणी थोडे तापावे लागते. जुन्या, ईसीयू नसलेल्या गाडीत हे सारे तारतम्य चालकानेच बाळगावयाचे असते : एसी बंद ठेवून सेल्फ मारावा, इंजिन स्थिर होऊ द्यावे, आणि काच स्वच्छ झाल्याखेरीज गाडी हलवू नये.

पुढील लेखांकात याच कॉम्प्रेसरची उन्हाळ्यातील कसोटी पाहू. उज्जैनचा पारा तेव्हा ४० अंशांपलीकडे असतो.