जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क : आधी कॉपी, मग स्क्रू-ड्रायव्हर

नंदुरबार : 'सी ड्राईव्ह' समोरची लाल पट्टी गावोगावच्या ऑनलाईन केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या ऑफिसात आता नेहमीची झाली आहे. कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचा, आत ३२० किंवा ५०० जीबीची डिस्क आणि तिच्यावर निम्म्या गावाचे कागद. नवा कॉम्प्युटर परवडत नसेल तर त्यातच मोठी हार्ड डिस्क बसवता येते. काम चार स्क्रूचं आहे. पण घाई केली तर जातीच्या दाखल्यापासून वनपट्ट्याच्या दाव्यापर्यंतचं सगळं स्कॅनिंग एका दुपारी जाऊ शकतं.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला अशा एकेका कामासाठी कागद कॉम्प्युटरवर चढत गेले. त्यामुळे डिस्क बदलायचं काम एकट्या दुकानदाराचं राहत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या माणसाला तेच कागद पुन्हा जमवायला किती खेटे पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

डिस्क घेण्याआधी काय बघायचं?

कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी उघडा. डिस्कला बारीक, चपटी केबल असेल तर ती 'साटा' पद्धतीची. बाजारातली नवी साटा डिस्क तिथे चालते. पोर्ट जुना असेल तर वेग थोडा कमी मिळतो, इतकंच. रुंद पट्टीसारखी केबल असेल तर ती जुनी 'आयडीई'. अशा कॉम्प्युटरवर पैसे घालू नयेत, फक्त त्यातला डाटा काढून घ्यावा.

दुसरी गोष्ट साईजची. जुन्या बायोसच्या कॉम्प्युटरवर विंडोज चालू करायची डिस्क २ टीबीपेक्षा मोठी घेऊ नका. तिथे चालणारी 'एमबीआर' ही जुनी पद्धत त्यापुढची जागा मोजतच नाही. गावातल्या कामाला १ टीबी पुष्कळ झाली. ती लावल्यावर विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

आणखी एक. मोठ्या डिस्कने जागा वाढते, वेग नाही. कॉम्प्युटर चालू व्हायलाच पाच मिनिटं घेत असेल तर विंडोजसाठी छोटी एसएसडी आणि फायलींसाठी साधी मोठी डिस्क, अशी जोडी बरी पडते.

कॉपी करताना

सगळ्यात आधी महत्त्वाचे फोल्डर वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर किंवा पेनड्राईव्हवर घ्या आणि दोन-चार फायली उघडून बघा. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी ती आणखी बिघडू शकते.

विंडोज आणि प्रोग्रॅमसकट सगळं जसंच्या तसं हवं असेल तर 'क्लोन' करावं लागतं. क्लोनझिला हे फुकटचं सॉफ्टवेअर त्यासाठी पेनड्राईव्हवरून चालतं. नवी डिस्क कॅबिनेटमधल्या दुसऱ्या साटा पोर्टला जोडा. मग सॉफ्टवेअर विचारतं, कुठून कुठे कॉपी करायचं? खरा घात इथेच होतो. उलटं निवडलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. म्हणून डिस्कची साईज वाचूनच बोट दाबा : ५०० जीबी जुनी, १ टीबी नवी.

हे काम काही तास चालतं. लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय हात घालू नका.

बसवताना आणि नंतर

प्लग काढा, पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. जुनी डिस्क काढून तिच्याच जागी, तिच्याच केबलला नवी जोडा. केबल जोर लावून दाबू नका, खाच जुळली की ती आपोआप बसते. पहिल्यांदा फक्त नवी डिस्क लावूनच कॉम्प्युटर चालू करून बघा.

चालू झाल्यावर जागा आधीइतकीच दिसली तर घाबरू नका. वाढीव जागा मोकळी पडलेली असते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' केलं की ती ड्राईव्हला जोडली जाते. तो पर्याय दाबता येत नसेल तर मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग आलेला असतो. मग त्या मोकळ्या जागेचा वेगळा ड्राईव्ह करा, तेही चालतं.

विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. डिस्क नवी लावली म्हणून कॉम्प्युटर सुरक्षित झाला असं होत नाही.

जुनी डिस्क भंगारात देऊ नका

किमान महिनाभर ती कपाटात ठेवा. एखादी फाईल राहिल्याचं गिऱ्हाईक आल्यावरच कळतं. नंतर विकायची असेल तर 'क्विक फॉरमॅट' पुरत नाही. त्यातले आधार, बँक पासबुकाचे फोटो परत काढता येतात. 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्याला वेळ लागतो, पण डिस्कभर शून्यं लिहिली जातात. डिस्क चालतच नसेल तर आतल्या चकत्या फोडूनच टाका.

कागद लोकांनी विश्वासाने दिलेले असतात. नवी डिस्क कितीही मोठी असली तरी त्यांची एक कॉपी दुसरीकडे असलीच पाहिजे.