बंदरं बंद असताना फुलणारी फुलं

रातांब्याचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ते गोव्याच्या गार्सिया द ऑर्तावरून पडलं, असं अनेकांना वाटतं. वाटणं साहजिकच, कारण १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात या आंबट फळाची नोंद आहे. पण मान मिळाला लोराँ गार्सँ या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शल्यवैद्याला. त्याने १७३०च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीला मँगोस्टीनचं वर्णन पाठवलं आणि लिनियसने त्याच्या नावाने प्रजाती उभी केली. रातांबा त्या घरात आला १८२४ साली, जिनिव्हाच्या श्वाझीच्या हातून. म्हणजे आमच्या सोलकढीला नाव मिळालं ते मँगोस्टीनच्या पुण्याईवर!

लिनियस कधी हिंदुस्थानात आला नाही. स्वीडनमध्ये बसून त्याने पत्रं, बियाणं आणि कागदावर चिकटवलेल्या सुक्या फांद्या यांच्या जोरावर जगाची झाडं मांडली. त्याचा शिष्य ओलोफ तोरेन १७५० साली जहाजावरचा पाद्री म्हणून निघाला, सुरतेपर्यंत आला, परतल्यावर गुरूला प्रवासाची पत्रं लिहिली आणि १७५३ साली वारला. त्याच वर्षीच्या लिनियसच्या ग्रंथात तोरेनिया हे नाव आहे. मलबारच्या झाडांसाठी लिनियसची भिस्त होती ‘हॉर्टस मलबारिकस’मधल्या चित्रांवर. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीतल्या तीन कोकणी वैद्यांचं १६७५चं प्रमाणपत्र नागरी लिपीतच छापलेलं आहे. स्थानिक जाणकार नावानिशी दिसावेत, हे त्या काळात दुर्मीळच.

या देवाणघेवाणीचं वेळापत्रक मात्र वनस्पतिशास्त्राने ठरवलं नव्हतं, ते ठरवलं वाऱ्याने. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद. जहाजं यायची उघडिपीत, तेव्हा सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, करपलेले असायचे. चैत्र-वैशाखात लगडलेला रातांबा कुणाच्याही नजरेत भरेल. पण जांभ्याच्या सड्यावर, बोटभर मातीत, पहिल्या पावसाबरोबर उगवून महिन्या-दोन महिन्यांत मावळणारी कंदवर्गीय फुलं बघायला इथे मुक्कामच हवा. शिवाय नमुना सुकवायचा कसा? ज्या दिवसांत घरात कपडे वाळत नाहीत, त्या दिवसांत टिपकागदात ठेवलेलं फूल बुरशीनेच भरायचं. माझ्या मते अठराव्या शतकाला कोकणची झाडं दिसली, सड्याची फुलं दिसली नाहीत, त्याचं मोठं कारण हेच.

ती दिसली मुंबई इलाख्यात नोकरीला आलेल्या माणसांना. निकोल डॅल्झेल हा जकात खात्यातला अधिकारी. त्याने वर्णन केलेली दीपकाडी १८५० साली हूकर यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आज राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी, ती पांढरी फुलं पावसाच्या सुरुवातीला उभी असतात. जातिनामात कोकण आहे, गावाचा पत्ता नाही. त्याच काळात स्टॉक्स, लॉ वगैरेंनी जमवलेले नमुने हूकर आणि थॉमसन यांनी अनेक संग्रहालयांना वाटले. त्यांवरच्या छापील चिठ्ठीत स्थळ काय, तर ‘मलबार, कोकण, वगैरे’! एवढ्या पत्त्यावर टपालवाला पत्रसुद्धा पोचवणार नाही. फूल नेमकं कोणत्या सड्यावरचं, हे त्या कागदावरून आता कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून महाविद्यालयांत नमुने जमवणाऱ्या मुलांना एवढीच विनंती: चिठ्ठीवर वाडीचं नाव, सड्याचं नाव, तारीख आणि गावकरी म्हणतात ते झाडाचं नाव लिहा. शिसपेन्सिलीने लिहा, शाई दमटाने फुटते.