तांब्याला ॲल्युमिनियमची तार पिळू नका. जोड तापतो, मोटार जळते

ढोकी (ता. धाराशिव) : ऊस पाण्याला आलेला, लाईट नेमकी रात्रीची, आणि मोटार नुसती घूं करून थांबते. ढोकी-तेर भागातल्या शेतकऱ्यांना हे काही नवीन नाही. दोष मोटारीला किंवा कमी दाबाला दिला जातो. पण आधी पेटीजवळचा जोड बघायला हवा. खांबावरून आलेली वायर ॲल्युमिनियमची, मोटारीची केबल तांब्याची, आणि दोन्ही एकमेकींना पिळून वरून टेप गुंडाळलेली असेल, तर गडबड तिथंच असू शकते.

तसे दोन्ही धातू विजेचे चांगले वाहक. तांबं सरस, तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेची वाहकता त्याच्या सुमारे ६० टक्के. पण ॲल्युमिनियमची घनता २.७, तर तांब्याची ८.९. हलकं आणि स्वस्त म्हणून ॲल्युमिनियम खांबावर चढलं.

मग बिघडतं कुठं?

पहिलं, खरवडलेल्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. भांड्याला हाच थर गंजण्यापासून वाचवतो. जोडात मात्र तो वीज अडवतो.

दुसरं, ओल. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड धरते.

तिसरं, तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त पसरतं. ते मऊ असल्यानं दाबाखाली चेपतं. मोटार बंद झाली, तार निवली, की जोड सैल पडतो. सैल जोड पुढच्या वेळी आणखी तापतो.

शेवटी एक फेज तुटतो. थ्री फेज मोटार दोनच फेजवर ओढू लागते, वाइंडिंगमधला करंट वाढतो आणि मोटार जळते.

उपाय साधा आहे. अशा जोडाला बायमेटॅलिक लग किंवा कनेक्टर वापरावा. ॲल्युमिनियमचं टोक ब्रशनं घासून लगेच ऑक्साइडरोधक पेस्ट लावावी आणि लग योग्य साधनानं पक्का दाबून घ्यावा. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर असावा.

टेप काळवंडलेली, जळका वास किंवा पांढरी पूड दिसली, तर थांबू नका. पण चालू लाईनीला हात नको. सप्लाय बंद करून जाणत्या वायरमनकडूनच काम करून घ्या. एका लगाचा खर्च मोटार भरण्यापुढे काहीच नाही.