सीमा ओलांडली तरी कायदा तोच

सोलापूर हे तीन राज्यांच्या वाटेवरचे शहर आहे. विजयपूरच्या रस्त्याने टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. हैदराबादला निघालो तर नळदुर्ग, उमरगा मागे टाकून हुमनाबादला कर्नाटक आणि जहिराबादला तेलंगण, अशी एका दिवसात तीन राज्ये होतात. लग्नकार्य, दवाखाना, शिक्षण, नोकरी, कलबुर्गीचे बुद्धविहार अशा निमित्ताने आपली ये-जा सतत चालू असते. आपल्यातील कित्येक तरुणांचे पोट तर स्टिअरिंगवरच आहे. तरीही परराज्यातील वाहतूक कायद्याविषयी आपल्यात भीती फार आणि माहिती थोडी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या जीपने विजयपूरला लग्नासाठी निघालो होतो. निघायलाच उशीर झालेला. भीमेपलीकडे वेग मोजणाऱ्या यंत्राने आमची गाडी टिपली. चालक बावीस-तेवीस वर्षांचा. तो घाबरून म्हणाला, "काका, हे दुसरं राज्य, इथला कायदा वेगळा. लायसन गेलं तर खायचं काय?" पोलिसांनी नियमाप्रमाणे दंड घेऊन पावती दिली. दंड त्या मुलाने आपल्या खिशातून भरला. "जरा दाब रे, लग्न लागून जाईल" असे वाटभर म्हणणारे आम्ही मात्र गप्प बसलो.

कायदा खरोखरच वेगळा होता काय? नाही. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मोटार वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. संसदेने केलेला मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून देशभर लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे सोलापुरात मिळालेले लायसन भारतात सर्वत्र चालते.

मग फरक कशात पडतो? दोन गोष्टींत. वेगाची कमाल मर्यादा केंद्र ठरवते, पण राज्याला एखाद्या रस्त्यावर ती कमी करता येते. म्हणून आपल्या सवयीपेक्षा रस्त्यावरील फलकाकडे पाहावे. दुसरे म्हणजे, खटला न लढवता जागेवर भरायची तडजोडीची रक्कम कलम २०० प्रमाणे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले, तेव्हा गुजरात व कर्नाटकाने काही रकमा कमी केल्या. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्यामुळे रक्कम बदलते, गुन्हा बदलत नाही.

अतिवेग आणि धोकादायक वाहन चालवणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. अतिवेगाला कलम १८३ लागते. हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास लायसन जप्त होते. मात्र केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, वेग यंत्राने मोजलेला असावा लागतो.

धोकादायक चालवण्यास कलम १८४ आहे. लाल दिवा तोडणे, उलट्या दिशेने येणे, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणे, हातात मोबाईल धरणे हे सर्व त्यात येते. पहिल्याच वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. यातील मोबाईलचा प्रकार सोडला तर बाकी प्रकरण जागेवर मिटत नाही, न्यायालयात जाते. आणि न्यायालय असते ते जिथे गुन्हा घडला तिथले. रोजंदारीवरच्या चालकाला परजिल्ह्यातील प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेला रोजगार! निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही.

नोकरी-शिक्षणासाठी हैदराबाद, बेंगळुरूला गाडी नेणाऱ्यांनी ती तिथे १२ महिन्यांपेक्षा अधिक ठेवल्यास सोलापूरच्या आर.टी.ओ.तून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथला क्रमांक घ्यावा. लायसन व आर.सी. डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी सर्व राज्यांत ग्राह्य आहेत. दंड भरला की पावती मागून घ्यावी. पावतीशिवाय दिलेला पैसा हा दंड नव्हे.

आता पुन्हा त्या जीपकडे येऊ. सोलापूर ते विजयपूर अंतर सुमारे १०० किलोमीटर. ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेलो तर जेमतेम २५ मिनिटे वाचतात. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर जवळजवळ पावणेदोन पट होते. या २५ मिनिटांसाठी आम्ही त्या मुलाचे लायसन, आमचे जीव आणि रस्त्याकडेच्या एखाद्या शाळकरी पोराचा जीव पणाला लावला होता. कलम १८३ मध्येच असेही म्हटले आहे की, आपल्या नोकरीतील किंवा आपल्या नियंत्रणाखालील चालकाला जो वेगमर्यादा मोडायला लावतो, तोही शिक्षेस पात्र आहे. कायद्याने हे ओळखले आहे, आपणही ओळखले पाहिजे.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. सहलीला किंवा कार्यक्रमाला गाडी ठरवाल तेव्हा अर्धा तास आधी निघा. चालकाला रात्रीची झोप मिळाली आहे का, हे विचारा. पाचवे शील त्याच्याकडूनही पाळले जाईल, हे पाहा. आणि आपल्या घाईपायी त्याला दंड झालाच, तर तो आपण भरा. त्या दिवशी आम्ही भरला नाही, याची खंत आजही वाटते.