दुकानात तीन इंचाचा, मोठा झाला की चार फुटांचा



ॲक्वेरियमच्या दुकानात लाल शेपटीचा, लांब मिशांचा एक छोटा मासा विकायला असतो. त्याला ‘रेडटेल कॅटफिश’ म्हणतात. मुलं हट्ट करतात, आपणही घेऊन देतो. पण घेण्याआधी एवढं वाचा.

हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांचा. तिथे तो चार फुटांच्या वर वाढतो, वजन 40 किलोच्या पुढे जातं. आपल्या पढिनसारखाच हावरा, तोंडात मावेल ते गिळतो. पेटीतले बाकीचे मासे आधी संपतात.

आता हिशोब करा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत साधारण 255 लिटर पाणी मावतं. मासा दीड फुटाच्या वर गेला की त्याला त्यात नीट वळताही येत नाही. ‘पेटी लहान असली की मासा लहानच राहतो’ असं सांगतात, ते खरं नाही. घाण पाण्यात आणि अडचणीत त्याची वाढ खुंटते, पाठ वाकते आणि तो लवकर मरतो. त्याला घरातली पेटी नाही, मोठा हौद लागतो.

दुसरा ‘सकर’. काच साफ करतो म्हणून घेतात. हाही दक्षिण अमेरिकेचाच. अंगावर हाडांचं चिलखत, परांवर कडक काटे, वाढतो दीड फुटाच्या आसपास.

मासा पेटीत मावेना झाला की लोक काय करतात? पुण्य समजून तलावात सोडतात. खरं नुकसान इथून सुरू होतं, आणि ते आपलं असतं.

सकर काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, नर त्यांची राखण करतो. बिळांमुळे काठ ढासळतो. तळाचं शेवाळ आणि खाणं तोच फस्त करतो. काटे जाळ्यात अडकले की जाळं फाटतं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पुणे-सोलापूरकडच्या उजनी धरणातले मच्छीमार हा त्रास भोगत आहेत. 2020 मध्ये वाराणसीला गंगेतही हा मासा सापडला.

आपलं यशवंत सागर गंभीर नदीवर आहे. गंभीर क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळते. पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की एका तलावातला मासा त्या तलावापुरता राहत नाही.

म्हणून विनंती:

▪️ घेण्याआधी दुकानदाराला विचारा, पूर्ण वाढ किती?
▪️ मासा मोठा झाला तर दुकानात परत द्या, नाहीतर मोठा हौद असलेल्याला द्या. तलावात, नदीत, विहिरीत सोडू नका.
▪️ जाळ्यात असा मासा आला तर परत पाण्यात टाकू नका. सकर पाण्याबाहेरही कित्येक तास जगतो, त्यामुळे काठावर टाकून निघून जाऊ नका. मारून काठापासून लांब पुरा.
▪️ काढताना हातमोजे घाला. फोटो काढून ठिकाण आणि तारीख सोसायटीला कळवा, आपण मत्स्य विभागाला देऊ.

ठेक्याच्या तलावात पैसे घालून रोहू-कतल्याची बोटुकली सोडतो आपण. त्यांचं खाणं दुसऱ्याने खाऊ नये, एवढंच. घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.

– सचिव